सीपीआरच्या वर्गासाठी एईडी ट्रेनर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात शाळा, हाऊसिंग सोसायट्या आणि औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांत सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, श्वास देऊन त्याला वाचवायला शिकवणारे वर्ग सुरू करताय. मॅनिकिन (सरावाचे पुतळे) आहेत, आता एईडी, म्हणजे अशा वेळी हृदयाला शॉक देणारं यंत्र, शिकवण्यासाठी ट्रेनर, म्हणजे त्याची सरावाची प्रतिकृती, घ्यायचा आहे. विक्रेता वेगवेगळ्या किमतींची मॉडेलं दाखवतोय आणि एका कंपनीनं स्वतःचा जुना, छातीला चिकटवायच्या पॅडची मुदत संपलेला खरा एईडी फुकट देऊ केलाय. काय घ्यावं, आणि तो जुना चालेल का?

मी परिचारिका आहे, फोंड्याला राहते, आणि असे वर्ग बरीच वर्षं घेते. आधी उत्तर, मग कारणं. जिथे शिकवणार आहात तिथे भिंतीवर खरा एईडी लावलेला असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा ट्रेनर घ्या. तसा नसेल तर साधा ट्रेनर घ्या. फक्त त्यात प्रसंग (शॉक द्यायचा की नाही) बदलणं तुमच्या हातात असलं पाहिजे, पॅड सुटे विकत मिळाले पाहिजेत आणि आवाज मोठा हवा. एका महागड्या यंत्राच्या पैशांत दोन साधी येत असतील तर दोन घ्या. आणि जुना एईडी वर्गात आणू नका.

ट्रेनरमधून शॉक येत नाही. तो बोलतो, दिवे लावतो, बटण दाबायला सांगतो, एवढंच. त्यामुळे ‘हा किती खऱ्यासारखा आहे’ हे बघण्याआधी ‘ह्याच्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांच्या हाताला कुठली सवय लागेल’ हे बघा. हृदय अचानक बंद पडल्यावर सीपीआर आणि शॉक दोन्ही मिळाले नाहीत, तर माणूस वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. १०८ ला फोन केल्याबरोबर गाडी निघाली, तरी सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या आतल्या वाड्यावर पोचायला वेळ लागणारच. मधली सगळी मिनिटं शेजाऱ्याच्या, सहकाऱ्याच्या, शिक्षकाच्या हातात असतात. म्हणून वर्गात यंत्र हाताळायला शिकवायचंच, पण यंत्र आलं तरी छातीवरचे दाब थांबू द्यायचे नाहीत, हे त्याहून जास्त ठसवायचं. ट्रेनर निवडायचा तो ह्या कसोटीवर.

सगळ्यात महत्त्वाचा धडा ‘शॉक द्या’चा नाही, ‘शॉकची गरज नाही’चा आहे. एईडी हृदयाच्या दोनच प्रकारच्या तालांना शॉक देतो. एकात हृदयाचा खालचा कप्पा नुसता थरथरत असतो, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. दुसऱ्यात तो इतक्या वेगानं धावतो की नाडीच लागत नाही. हृदयाच्या आलेखाची रेघ सपाट असेल तर शॉकचा काही उपयोग नाही, आणि यंत्र तसं सांगतं. आता वर्गात काय होतं बघा. ट्रेनर म्हणतो ‘नो शॉक अ‍ॅडव्हाइज्ड’, आणि मॅनिकिनभोवती बसलेली सगळी मंडळी एकदम सैल पडतात. दाबणाऱ्याचे हात छातीवरून उठून मांडीवर येतात, कुणीतरी हसतं, कुणीतरी ‘बरो जालो!’ (बरा झाला) म्हणतं. माणूस वाचला, असाच त्यांचा समज होतो. खरं तर त्या क्षणी त्याला दाबांची सर्वांत जास्त गरज असते. हा प्रसंग वर्गात घडलाच पाहिजे, म्हणजे तिथल्या तिथे ‘हात परत छातीवर!’ असं सांगता येतं आणि ते जन्मभर लक्षात राहतं.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: शॉक आणि शॉक नाही, हे मला वर्ग चालू असताना बदलता येतं का? काही ट्रेनरमध्ये ठरावीक क्रमाचे प्रसंग भरलेले असतात आणि सुरुवातीलाच एक निवडावा लागतो. विद्यार्थी दुसऱ्या फेरीपर्यंत तो क्रम पाठ करतात. काहींना रिमोट असतो. तो असेल तर खोलीच्या मागे उभं राहून तुम्ही प्रसंग फिरवू शकता: पहिल्यांदा शॉक, मग शॉक नाही, मधेच ‘पॅड नीट चिकटवा’. रिमोटसाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी मोजा. रंगीत पडदा, मोबाइलचं अ‍ॅप, आकर्षक पेटी ह्यांसाठी मोजू नका.

दुसरं, यंत्राच्या दोन तपासण्यांमधला वेळ. खरा एईडी दर दोन मिनिटांनी थांबायला सांगतो आणि ताल तपासतो. बऱ्याच ट्रेनरमध्ये वर्ग लवकर आटपावा म्हणून हा वेळ कमी करायची सोय असते. ती असू द्या, पण प्रत्येकाला एकदा तरी पूर्ण दोन मिनिटं दाबू द्या. मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबताना दीड मिनिटातच खांदे भरून येतात आणि दाब उथळ होतात. ‘दर दोन मिनिटांनी माणूस बदला’ असं आपण का सांगतो, हे तेव्हाच कळतं. ट्रेनरमध्ये टिकटिक देणारा ताल असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलवरचा मेट्रोनोम चालतो.

आता पॅड. खरा खर्च इथे होतो, आणि खरेदी करताना कुणी त्याचा विचार करत नाही. ट्रेनरचे पॅड पुन्हा पुन्हा वापरायचे असतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्यांचा डिंक लवकर जातो. जूनपासून तर फार लवकर. वर्ग संपल्यावर पॅड त्यांच्या गुळगुळीत पाठकागदावर परत लावून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. मॅनिकिनची छाती आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, कारण घाम आणि धूळ पॅडलाच चिकटते. तरीही ते बदलावे लागतातच. तेव्हा सुट्या पॅडची किंमत, ते भारतात मिळतात की बाहेरून मागवावे लागतात आणि यायला किती दिवस लागतात, हे यंत्राच्या किमतीआधी विचारा. पॅड मिळत नाहीत म्हणून कपाटात पडून राहिलेले चांगले ट्रेनर मी पाहिलेत. बॅटरीचंही तसंच: कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र घ्या.

पॅड मॅनिकिनवर आहे हे ट्रेनरला कसं कळतं, हेही बघा. काहींना त्याच कंपनीचा मॅनिकिन लागतो. प्रेस्टॅन कंपनीच्या ट्रेनरसारखे काही कुठल्याही मॅनिकिनवर चालतात. तुमच्याकडे मॅनिकिन आधीच आहेत, तर ते सोबत घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा. पॅड लावलेच नाहीत तरी पुढच्या सूचना देत सुटणारा ट्रेनर अजिबात घेऊ नका. त्यानं चुकीची सवय लागते.

भिंतीवरच्या यंत्राशी जुळणारा ट्रेनर घ्या, असं मी वर म्हटलं ते का, सांगते. सगळे एईडी एकाच तत्त्वावर चालतात, पण हाताला वेगळे लागतात. एखादा झाकण उघडताच सुरू होतो, एखाद्याचं हिरवं बटण दाबावं लागतं, फिलिप्सच्या घरगुती मॉडेलला हँडल ओढावं लागतं. झोल कंपनीच्या एईडी प्लस मॉडेलला एकाच तुकड्यात जोडलेला पॅड असतो, त्याच्या मधोमध हात ठेवायची जागा असते आणि दाब किती खोल गेला हे तो मोजतो. अर्ध-स्वयंचलित यंत्रात शॉकचं बटण तुम्ही दाबता, पूर्ण स्वयंचलित यंत्र आकडे मोजून स्वतःच शॉक देतं. वेर्ण्याच्या एखाद्या औषध कंपनीच्या सुरक्षा रक्षकांना शिकवायचं असेल, तर आधी त्यांच्या गेटवरच्या पेटीचा फोटो मागवा. तिथे पूर्ण स्वयंचलित यंत्र असेल आणि वर्गात बटण दाबायला शिकवलं, तर ऐन वेळी तो रक्षक नसलेलं बटण शोधत बसेल. सोसायट्यांत आणि बहुतेक शाळांत अजून एईडीच नसतो, तिथे साधा अर्ध-स्वयंचलित ट्रेनर पुरे.

शाळांत शिकवणार म्हणता, तर मुलांसाठीची सोय हवी. आठ वर्षांखालच्या किंवा साधारण २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलासाठी वेगळे पॅड असतात, किंवा फिलिप्सच्या एफआरएक्ससारख्या यंत्रात एक चावी लावली की ऊर्जा कमी होते. पॅड एकमेकांना टेकत असतील तर एक छातीवर, एक पाठीवर लावायचा. मुलांचे पॅड नसतील तर मोठ्यांचे वापरायचे, पण थांबायचं नाही. हे शिक्षकांना स्पष्ट सांगा, नाहीतर ते घाबरून काहीच करत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी यंत्रापेक्षा तुमच्या शिकवण्यावर अवलंबून आहे. मॅनिकिन बहुतेक पुरुषी छातीचा आणि उघडा असतो. खऱ्या आयुष्यात समोर साडी नेसलेली काकी असते, गळ्यात मंगळसूत्र आणि सोन्याची साखळी, ब्लाउजला पुढून हुक. मी मॅनिकिनला जुना ब्लाउज आणि मण्यांची माळ घालते आणि मगच एईडी हातात देते. पहिल्या गटात शांतता पसरते, पुरुष एकमेकांकडे बघतात. मग मी कात्री पुढे करते. ब्लाउज कापायचा, आतला कपडा आड येत असेल तर तोही कापायचा, मंगळसूत्र काढत बसायचं नाही, पॅडखाली येणार नाही इतकं बाजूला सारायचं. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर. स्तनावर नाही, त्याच्या बाजूला, खाली. हे एकदा वर्गात हातानं केलं की संकोच गळून पडतो. बायकांना आपल्या संकोचापायी मदत मिळू नये, हे मला सहनच होत नाही. म्हणून हा भाग वेळ कमी असला तरी मी गाळत नाही. ट्रेनर निवडताना एवढंच बघा की पॅडवर जागेची चित्रं ठळक आणि मोठी आहेत.

किनाऱ्याजवळ शिकवत असाल तर बुडालेल्या माणसाचा प्रसंगही घ्या. तिथे श्वास आधी, एईडी नंतर, कारण हृदय ऑक्सिजनअभावी थांबलेलं असतं. यंत्र आणायच्या गडबडीत श्वास देणं लांबता कामा नये. पॅड लावण्याआधी छाती पुसून कोरडी करायची. मॅनिकिनवर ओला टॉवेल टाकून हे सहज करून घेता येतं.

आवाजाचं म्हणते ते ऐका. पंचायतीच्या सभागृहात पंखे फिरताहेत, वर पत्र्यावर पाऊस कोसळतोय आणि यंत्र बारीक आवाजात इंग्रजी बोलतंय, अशा वेळी मागच्या रांगेला काही कळत नाही. दुकानात पंखा लावून, दहा पावलांवर उभं राहून ऐका. भाषा बदलायची सोय असेल तर हिंदी आहे का विचारा. नसली तरी अडत नाही. खरी यंत्रंही बहुधा इंग्रजीच बोलतात, म्हणून इंग्रजी सूचना ऐकवायच्या आणि प्रत्येकीनंतर काय करायचं ते कोकणीत, मराठीत आपण सांगायचं, हे चांगलं चालतं.

पैसे मोजकेच असतील तर एक कडू गोष्ट सांगते: आधी दाब बरोबर पडतोय की नाही हे दाखवणारा मॅनिकिन घ्या, ट्रेनर नंतर. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१९ पासून आपल्या प्रौढ सीपीआरच्या अभ्यासक्रमांत असं मोजमाप देणारं साधन सक्तीचं केलं आहे, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. नुसत्या डोळ्यांनी खोली कळत नाही. दाब उथळ असतील तर कितीही चांगला ट्रेनर घेऊन काही साधत नाही.

आता तो फुकटचा एईडी. नको म्हणा. खरं यंत्र मॅनिकिनवर लावलं तर त्याला ताल सापडत नाही, तुम्हाला हवा तो प्रसंग येत नाही. उत्साहात कुणी ते मित्राच्या छातीला लावून बघेल, ही भीती वेगळीच. काही कंपन्या खऱ्या यंत्रासाठी सरावाचे पॅड देतात. ते जोडले की यंत्र सराव-अवस्थेत जातं आणि शॉक देत नाही. पण वर्ग संपल्यावर खरे पॅड परत जोडायचे राहिले, तर भिंतीवर शॉक न देणारं यंत्र टांगलेलं राहील. देणाऱ्या कंपनीला सांगा, नवे पॅड आणि बॅटरी घालून, उत्पादकाकडून तपासून घेऊन ते गेटवर लावा. त्याचं काम तिथे आहे.

त्याच कारणानं तुमच्या ट्रेनरवर पिवळ्या पट्टीवर ठळक लिहा: ‘फक्त शिकवण्यासाठी. शॉक देत नाही.’ आणि वर्गाच्या सुट्टीतही तो खऱ्या एईडीच्या शेजारी ठेवू नका.

एका वेळी किती जण असतात, आणि तुमच्या कंपन्यांत कुठली यंत्रं लावली आहेत, हे लिहिलंत तर मॉडेलबद्दल नेमकं सांगता येईल.