ध्यानाकडून काय मागावे

प्रिय मित्रा,

सीए इंटरची परीक्षा तोंडावर आली असताना रोज ध्यानाला वेळ काढावा का आणि त्याने मेंदू खरोखर बदलतो का, असे तू विचारले आहेस. आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण ध्यानाच्या जाहिरातींचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

२००५ मध्ये बोस्टनच्या मेंदू-संशोधक सारा लाझर यांच्या गटाला, नियमित ध्यान करणाऱ्या २० जणांच्या मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, काही भाग इतरांपेक्षा जाड आढळले. २०११ मध्ये आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील करडे द्रव्य (पेशींनी भरलेला भाग) वाढल्याचा निष्कर्षही प्रसिद्ध झाला. मात्र दोन्ही अभ्यासांत माणसे मोजकीच होती. २०२२ मध्ये मेंदू-संशोधक रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दोनशेहून अधिक जणांना घेऊन तशीच पाहणी केली, तेव्हा रचनेत असा बदल दिसला नाही. आणि डेव्हिडसन हे काही ध्यानाचे विरोधक नव्हेत, स्वतः साधक आहेत. तेव्हा ‘मेंदू वाढवणाऱ्या’ ॲपची वर्गणी भरू नकोस.

तुझ्या कामाचा अभ्यास वेगळाच आहे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील ४८ विद्यार्थ्यांचे दोन गट करून एकाला दोन आठवडे ध्यान शिकवले गेले, दुसऱ्याला आहारशास्त्र. ध्यान शिकलेल्यांना उतारे अधिक चांगले उमगू लागले आणि एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमताही वाढली. विशेष म्हणजे, ज्यांचे मन मुळात फार भटकत असे, त्यांच्यात ही सुधारणा भटकणे कमी झाल्यामुळे झाली होती.

हे भटकणे तुला नवे नाही. अभ्यासिकेत कन्सॉलिडेशनच्या (कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याच्या) गणितात गुडविलचा आकडा काढता काढता मॉक टेस्टचे गुण आठवतात, त्यावरून आर्टिकलशिपची उमेदवारी, त्यावरून घरचे बोलणे. नजर ओळींवरून सरकत राहते आणि पान संपल्यावर हाती काहीच नसते. अशा वेळी मेंदूतील ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ हे, मन स्वतःच्याच विचारांत रमले की जागे होणारे, जाळे जोरात चालू असते. अनुभवी साधकांमध्ये ध्यान करताना त्याचे मुख्य भाग तुलनेने शांत राहतात, असे २०११ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांना दिसले. श्वासावरून मन निसटल्याचे लक्षात येणे आणि न चिडता त्याला परत आणणे, एवढाच हा व्यायाम आहे. मन भटकले म्हणून बैठक वाया गेली असे समजू नकोस. ते भटकलेच नाही, तर परत आणण्याचा सराव होणार कसा?

नळाला पाणी येऊन घर जागे होण्याआधी दहा मिनिटे बैस. शेजारचा मिक्सर आणि लोकलचा भोंगा थांबण्याची वाट पाहशील, तर मुंबईत ध्यान कधीच व्हायचे नाही. झोपेतून मात्र ती दहा मिनिटे कापू नकोस, कारण वाचलेले पक्के होण्याचे बरेच काम झोपेतच होते. अपेक्षाही माफक ठेव. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा चिंता आणि नैराश्य कमी होण्याबाबत मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला, एकाग्रतेबाबत तो अपुरा ठरला. काही जणांची अस्वस्थता ध्यानाने वाढतेही. तसे झाल्यास नेटाने रेटू नकोस, थांब आणि डॉक्टरांना भेट.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचे म्हणशील, तर पहाटे चारला उठून मौनात दिवसभर बसणे हे प्रकरण निराळे आहे. ते परीक्षा झाल्यावर कर, आणि अर्जात मानसिक आरोग्याविषयी विचारतात, ते न लपवता लिही.

सस्नेह आशीर्वाद.