‘जगिक’ हा शब्द चुकीचा आहे का?

प्रश्न असा आलाय: एका ख्रिस्ती लेखाचं प्रूफ तपासताना ‘जगिक आसक्तीपेक्षा देवावरची प्रीती मोठी’ असं वाक्य आलं, तर ‘जगिक’ असा शब्द मराठीत आहे का, की तिथे ‘सांसारिक’ किंवा ‘ऐहिक’ करावं?

माझं मत, हात लावू नका. चर्चमध्ये, प्रार्थनेत, साक्षीत (म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगताना) हा शब्द लोक सर्रास वापरतात, बाहेर फारसा ऐकू येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो टायपो वाटतो.

व्याकरणाची शंका खरी आहे. समाज-सामाजिक, वर्ष-वार्षिक, म्हणजे ‘इक’ लागला की पहिला स्वर वाढतो, मग जगचं ‘जागिक’ का नाही? पण रसिक, धनिक, पथिक, श्रमिक यांत कुठे वाढलाय? तेव्हा नुसत्या त्या कारणासाठी शब्द बाद करता येत नाही. आणि नियमाने होणारं ‘जागतिक’ (जगत् पासून) आधीच दुसऱ्या कामाला लागलंय. एका पत्रकाच्या प्रुफात मी ‘जगिक मोहांपासून दूर राहा’ असं सोडलं होतं, तपासणाऱ्याने लाल पेनाने मध्ये ‘त’ घालून, ‘ज’ला काना देऊन ‘जागतिक मोहांपासून’ केलं. वाचून वाटलं आता मोहावर पण शिखर परिषद भरवावी लागणार.

‘सांसारिक’ची अडचण वेगळी. संस्कृतात संसार म्हणजे जन्ममरणाचा फेरा, तो अर्थ ख्रिस्ती विचारात बसत नाही, आणि मराठीत संसार म्हणजे नवराबायको, पोरंबाळं, भांडीकुंडी. ‘सांसारिक मोह सोडा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला घर सोडून निघालेला माणूस दिसतो. पण बायबलातलं 1 तीमथ्य 5:8 तर उलटच सांगतं, जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला. म्हणजे संसार नीट करणं हा विश्वासाचाच भाग, त्याला मोह कसं म्हणणार. हां, 1 योहान 2:16 मध्ये मराठी बायबलात ‘संसाराविषयीची फुशारकी’ असं आहे आणि तिथे तो शब्द अगदी फिट बसतो, कारण मूळ ग्रीक शब्द ‘बिऑस’, म्हणजे जगण्याची साधनं, मालमत्ता. घर असण्यावर आक्षेप नाहीये, घराच्या फुशारकीवर आहे.

आता ‘जग’च का? खरी गंमत इथे आहे. योहान 3:16 मध्ये ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ आणि 1 योहान 2:15 मध्ये ‘जगावर व जगातल्या गोष्टींवर प्रीती करू नका’. दोन्हीकडे ग्रीक नाम तेच, ‘कॉस्मॉस’, आणि क्रियापदही तेच, ‘अगापाओ’, म्हणजे प्रीती करणं. भाषांतराची चूक नाही, मुळातच ही जोडी आहे. कॉस्मॉस म्हणजे आधी मांडणी, सजावट (कॉस्मेटिक त्याच घरातला शब्द), मग विश्व, मग माणसं, आणि योहानाच्या लिखाणात बऱ्याचदा देवाला वगळून उभी राहिलेली सगळी मांडणी. देवाने प्रीती केली ती माणसांवर, आपल्याला नको म्हटलंय ते त्या मांडणीत जीव गुंतवणं. ‘जगिक’ हे विशेषण या दुसऱ्या अर्थाचं आहे, त्यामुळे एखादी वस्तू आपोआप जगिक ठरत नाही, पैसासुद्धा नाही, 1 तीमथ्य 6:10 मध्ये वाइटाचं मूळ म्हटलंय ते द्रव्याच्या लोभाला.

‘पेक्षा मोठी’ या तुलनेबद्दल पण थोडं सांगतो, कारण पुढे कोणीतरी लूक 14:26 काढणारच. तिथे आईबाप, बायको, मुलं यांचा ‘द्वेष’ केल्याशिवाय शिष्य होता येत नाही असं वाक्य आहे आणि लोक दचकतात. हा इब्री (हिब्रू) बोलण्याचा ढंग आहे. उत्पत्ती 29:30 मध्ये याकोबाची दोन बायकांपैकी राहेलवर लेआपेक्षा जास्त प्रीती होती, आणि लगेच पुढच्या ओळीत लेआसाठी मूळ इब्रीत द्वेषाचाच शब्द येतो. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे, नावडती! आवडती-नावडती राणी म्हटलं की मराठी माणसाला कळतं की हा वैराचा नाही, पहिल्या-दुसऱ्या जागेचा मामला आहे. मत्तय 10:37 मध्ये तीच शिकवण ‘माझ्यापेक्षा’ असा सरळ तुलनेचा शब्द वापरून आलीये.

राहिला ‘ऐहिक’. शब्द चांगला आहे, ‘इह’ म्हणजे इथे, त्यावरून आलाय, पण बोलण्यात जरा पुस्तकी. मात्र एका जागी तोच हवा. 2 तीमथ्य 4:10 मध्ये प्रेषित पौलाचा सहकारी देमास त्याला सोडून थेस्सलनीकाला गेला तो ‘ऐहिक सुख’ प्रिय झालं म्हणून. ग्रीकमध्ये तिथे कॉस्मॉस नाही, ‘आताचं युग’ असं आहे, आणि प्रिय होण्याचं क्रियापद पुन्हा अगापाओच. ‘अगापे (अगापाओचंच नाम) म्हणजे फक्त देवाचं पवित्र प्रेम’ असं जे प्रवचनात ठोकून सांगतात त्यांनी हे वचन एकदा बघावं. हाच देमास कलस्सै 4:14 मध्ये लूकच्या सोबतीने सलाम पाठवतो, फिलेमोनाच्या पत्रात सहकारी म्हणून येतो, आणि मग हे. त्याने नेमकं काय वाईट केलं याचा एक शब्द नाही, फक्त जीव कशावर बसला एवढंच.

तेव्हा लेखात क्षणभंगुरपणावर, आज आहे उद्या नाही यावर भर असेल तर ‘ऐहिक’ चालेल, ओढ कुठल्या दिशेची आहे हे सांगायचं असेल तर ‘जगिक’. ‘सांसारिक’ नको. आणि बदलणारच असाल तर लेखकाला एक फोन करा, माझ्या पत्रकाला कोणी केला नव्हता, ते ‘जागतिक’च छापून वाटलं गेलं.