रात्रीचं रोम: व्हॅन कुठवर आणि पायी कुठून?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की रोमला एखाददुसरीच संध्याकाळ मिळणार असेल तर ती जेवणात आणि शॉपिंगमध्ये घालवू नका, दिवे लागल्यावर शहर बघायला बाहेर पडा, आणि घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर खुशाल प्रायव्हेट व्हॅन घ्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, सप्टेंबरमध्ये आम्ही सहाजण चाललोय, मी, मिस्टर, सासू-सासरे आणि दोन मुलं. सासऱ्यांचा गुडघा दुखतो. रोममध्ये दोनच रात्री आहेत. एका टूरवाल्याने तीन तासांत बारा ठिकाणं दाखवतो म्हणून सांगितलंय, व्हॅन फक्त आमचीच. घ्यावी का?

व्हॅन घ्या, बारा ठिकाणं घेऊ नका. साधा हिशोब करा, तीन तास म्हणजे 180 मिनिटं, बाराने भागलं की एका जागेला पंधरा, आणि त्या पंधरामध्येच गाडी चालायची, पार्क व्हायची, सासरे उतरायचे, चढायचे, मुलांचे बेल्ट लावायचे. उरतात पाच मिनिटं. मी स्वतः पहिल्यांदा आईला घेऊन अशीच टूर केली होती. आई तेव्हा 71 वर्षांची, दर ठिकाणी उतर-चढ करून ती इतकी दमली की सातव्या जागेनंतर म्हणाली, तुम्ही बघून या, मी गाडीतच बसते. त्या रात्रीचे सगळ्या देवळा-कारंज्यांपुढचे फोटो आहेत माझ्याकडे, पण आईला त्यातलं निम्मं आठवतच नाही, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा चारच थांबे घेतले आणि ती रात्र तिच्या अजून तोंडात आहे.

म्हणून माझ्या मते असं करा. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी व्हॅन थेट जानिकोलो टेकडीवर न्यायला सांगा, इटली एक करण्यासाठी लढलेल्या गारिबाल्डींचा घोड्यावरचा पुतळा आहे तिथे. ही टेकडी तिबेर नदीच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि समोरच्या सगळ्या शहरावर पडतं, घुमट आधी केशरी दिसतात मग राखाडी आणि मग एकेक करून दिवे लागतात. गाडी वरपर्यंत जाते, सासऱ्यांना एक पायरीसुद्धा चढायला नको. व्हॅनचा खरा उपयोग हाच, टेकडी चढायला आणि लांबचं अंतर तोडायला.

तिथून खाली उतरताना व्हिया देल्ला कोंचिलियात्सियोने या सरळ रस्त्यावरून व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्च समोर दिसतं, ते गाडीतून बघितलं तरी चालेल, जमलं तर पाच मिनिटं उतरा. मग दुसरा थांबा पियात्सा नवोना हा चौक. ड्रायव्हर तुम्हाला कोर्सो देल रिनाशिमेंतोवर सोडेल, तिथून चौक दोन मिनिटांवर. चौकात दगडी बाक आहेत, सासऱ्यांना तिथे बसवा आणि निदान अर्धा तास हलू नका. पाय बरे असतील तर तिथून पँथिऑन, म्हणजे जुनं रोमन देऊळ, सात-आठ मिनिटांत चालत होतं, नसतील तर ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन यावं. तिसरा थांबा त्रेवी कारंजं, त्यासाठी व्हिया देल त्रितोनेवर उतरायचं, आणि शेवटी कोलोसियम. एवढंच. बाकीचं जाता-जाता खिडकीतून दिसतंच.

एक सांगायचं राहिलं, रोमच्या जुन्या भागातली जमीन म्हणजे काळ्या बसाल्टचे छोटे दगडी ठोकळे, साम्पिएत्रीनी म्हणतात त्यांना. मधल्या फटींत टाच अडकते आणि ओले झाले की निसरडे होतात. सासूबाईंना सपाट, रबरी तळाचे बूट घालायला लावा, काठी असेल तर तिचं खालचं रबर नवीन बसवून न्या.

प्रश्न: माझा भाचा म्हणतो की व्हॅनवाल्याला कशाला पैसे द्यायचे, नऊ सीटची गाडी भाड्याने घेऊ, इंटरनॅशनल परमिट आहेच, मीच चालवतो. बरोबर आहे का?

रोमच्या बाहेर जायचं असेल तर बरोबर. जुन्या शहरात नको. तिथे झेडटीएल आहे, म्हणजे ठरावीक वेळेत परवानगी नसलेल्या गाड्यांना आत बंदी. प्रत्येक वेशीवर कॅमेरा असतो आणि वर पाटी पेटलेली असते, वार्को आतीव्हो लिहिलं असेल तर बंदी चालू आहे. नॉन आतीव्हो असेल तरच आत जायचं. आता या दोन पाट्यांत फरक एका शब्दाचा, अंधारात, मागून स्कूटरवाले हॉर्न देतायत, कुठे वाचणार? दंड लगेच कळतही नाही, भाड्याच्या गाडीवाल्या कंपनीकडून तुमचा पत्ता घेतला जातो आणि घरी आल्यावर कित्येक आठवड्यांनी पत्र येतं, आणि जितक्या वेळा कॅमेऱ्याखालून गेलात तितके दंड वेगवेगळे. शुक्रवारी-शनिवारी तर रात्री उशिरासुद्धा काही भागात बंदी असते, रात्र आहे म्हणजे मोकळं असेल असं धरू नका.

ड्रायव्हरसकट मिळणारी जी गाडी असते तिला तिकडे एनसीसी म्हणतात, तिचं लायसन्स वेगळं असतं आणि तिला आत जाता येतं. बुकिंग करताना एवढंच विचारा की गाडी एनसीसी लायसन्सची आहे ना. अशा व्हॅनमध्ये ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ माणसं बसतात. भाव गाडीचा आणि तासाचा असतो, माणशी नसतो, तेव्हा दोन कुटुंबांनी मिळून घेतली तर बरीच स्वस्त पडते. ठरल्यापेक्षा अर्धा तास जास्त झाला तर काय घेणार हेही आधीच लिहून घ्या, आणि लहान मुलं असतील तर त्यांची सीट आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी गाडीत नसते.

प्रश्न: रात्री म्हणजे नक्की किती वाजता निघायचं? आठ वाजता पिकअप देतायत.

महिन्यावर आहे. जूनच्या शेवटी रोममध्ये सूर्य पावणेनऊच्या पुढे-मागे मावळतो, आठला निघालात तर पहिला तासभर लख्ख उजेडच. डिसेंबरात पावणेपाचच्या आतच मावळतो, तेव्हा सहाला निघालं तरी पूर्ण रात्र. म्हणून घड्याळाची वेळ न सांगता सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पिकअप द्या असं सांगा. आणि रात्रीची एक तोट्याची बाजूही आहे, पँथिऑन संध्याकाळी बंद होतं. आतला तो 43 मीटरचा घुमट आणि वरचं उघडं भोक बघायचं तर दिवसाच जावं लागतं, रात्री फक्त बाहेरचे ग्रॅनाइटचे खांब. ते 16 खांब इजिप्तमधून आणलेले आहेत, एकेक अखंड. हात लावून बघा, दिवसभराचं ऊन त्यांच्यात राहिलेलं असतं, उन्हाळ्यात रात्री दहालासुद्धा कोमट लागतात.

प्रश्न: फक्त ड्रायव्हर घ्यावा की गाइडसुद्धा? गाइडचे पैसे बरेच सांगतायत.

इटलीत गाइडचं लायसन्स वेगळं असतं. ड्रायव्हर गाडीत बसल्या-बसल्या चार गोष्टी सांगेल, पण उतरून तुमच्याबरोबर हिंडणं हे त्याचं काम नाही, त्याला गाडीजवळच थांबावं लागतं. पैसे असतील आणि इतिहासाची आवड असेल तर गाइड जरूर घ्या. नसतील तर घरूनच चार जागांचं वाचून जा, घरातल्या एकेकाने एकेक जागा वाटून घ्या आणि तिथे गेल्यावर बाकीच्यांना सांगा, मुलांना तर हे फार आवडतं.

नवोनाचं मी इथेच सांगते. तो चौक लांबट आणि एका टोकाला गोल का आहे, तर तिथे सम्राट डोमिशियनचं धावण्याच्या शर्यतींचं स्टेडियम होतं आणि आत्ताची घरं त्याच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या जागी उभी आहेत. मधोमध शिल्पकार बेर्निनीचं चार नद्यांचं कारंजं, 1651 चं. चार खंडांच्या चार नद्या, नाइल, डॅन्यूब, रियो दे ला प्लाता आणि चौथी आपली गंगा. हो, गंगा! फक्त ती बाई नाहीये, दाढीवाला दणकट पुरुष आहे, हातात भलं मोठं वल्हं, कारण या नदीतून नावा चालतात हे त्यांना माहीत होतं. रात्री दिवे पाण्याच्या खालून लावलेले असतात त्यामुळे पाण्याची लाट त्या दगडी छातीवर आणि वल्ह्यावर सारखी हलत राहते, बघत राहिलं की वाटतं तो वल्हवतोच आहे. माझ्या आईने बाकावरून उठून जाऊन त्याच्यासमोर हात जोडले होते. आजूबाजूच्या लोकांना काही कळलं नाही, मला मात्र भरून आलं.

नाइलच्या डोक्यावर कापड आहे. ड्रायव्हर हमखास सांगेल की समोरचं, बेर्निनीचा प्रतिस्पर्धी वास्तुकार बोरोमिनीचं चर्च बघवत नाही म्हणून त्याने तोंड झाकलंय. गोष्ट छान आहे पण खरी नाही, कारंजं 1651 मध्ये झालं आणि चर्चचं काम त्याच्यानंतर सुरू झालं. तोंड झाकलंय कारण नाइलचा उगम तेव्हा युरोपात कुणालाच माहीत नव्हता. मुलांना खरं कारण सांगा, मला तरी तेच जास्त आवडतं.

प्रश्न: त्रेवीला रात्री गर्दी कमी असते का? आणि नाणं टाकतात त्या पैशांचं काय होतं?

नऊ वाजता कमी नसते, अकराच्या पुढे होते. 2024 च्या शेवटी डागडुजी झाल्यापासून कठड्याजवळ एका वेळी 400 च माणसं सोडतात त्यामुळे पूर्वीसारखी चेंगराचेंगरी राहिली नाही, पण रांग लागते. नियम अधूनमधून बदलतात, जायच्या आठवड्यात बघून घ्या. नाणी गोळा करून कारितास या संस्थेला देतात, गरिबांसाठी, तेव्हा मनात शंका न ठेवता टाका. पाठमोरं उभं राहून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून. कारंज्याचं बांधकाम 1762 मध्ये पूर्ण झालं पण तिथे पाणी येतं ते ज्या पाटाने, तो रोमन सेनापती आग्रिप्पाने ख्रिस्तपूर्व 19 मध्ये आणलेला, त्याच्या नावाचा पँथिऑनवर शिलालेख आहे तोच हा आग्रिप्पा. प्यायचं पाणी विकत घेऊ नका. रस्त्यात लोखंडी नळ असतात, नाकासारखी वाकडी तोटी, नासोने म्हणतात त्याला. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते आणि वाकावं लागत नाही, गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना फार सोयीचं.

स्पॅनिश स्टेप्सबद्दल दोघींनी विचारलंय. बघा पण बसू नका, 2019 पासून पायऱ्यांवर बसायला बंदी आहे आणि दंड होतो.

प्रश्न: एका दाराच्या किल्लीच्या भोकातून सेंट पीटर्स दिसतं असं ऐकलं. रात्री दिसतं का, की उगाच वाकडी वाट?

वाट थोडी वाकडी आहे, आव्हेंतिनो टेकडीवर, पण व्हॅन असेल तर काहीच अवघड नाही. माल्टाचे नाइट्स या जुन्या ख्रिस्ती संघटनेच्या वाड्याचं हिरवं दार आहे, त्यासमोरचा सगळा चौकच वास्तुकार पिरानेसीने 1765 मध्ये आखलेला. दाराला डोळा लावला की आत दोन्ही बाजूंनी कापलेल्या झाडांचा बोगदा आणि अगदी टोकाला बरोबर मध्यभागी घुमट. दिवसा रांग असते, रात्री उशिरा कधी दहा माणसं, कधी कुणीच नाही. झाडं पूर्ण काळी झालेली असतात, एकही पान वेगळं दिसत नाही, त्यामुळे घुमट अंतराळात टांगल्यासारखा दिसतो. पहिले चार सेकंद काही दिसणार नाही, डोळा अंधाराला सरावू द्या, घाईने बाजूला होऊ नका. मोबाइलमध्ये हा फोटो नीट येत नाही, लोक मागे रांग असताना दहा-दहा फोटो काढत बसतात आणि स्वतः बघायचं राहून जातं.

प्रश्न: कोलोसियम शेवटी का ठेवायचं? आणि रात्री आत जाता येतं का?

उन्हाळ्यात काही रात्री वेगळं तिकीट काढून आत सोडतात, त्याचं बुकिंग आधी करावं लागतं. पण व्हॅनच्या रात्री बाहेरूनच बघा. मेट्रो स्टेशनच्या वरच्या अंगाला लार्गो गाएताना अग्नेसी म्हणून कठडा आहे, तिथे जायला सांगा. खालून बघितलं की मान मोडते, इथून ते थोडं उंचावरून बरोबर समोर येतं, आणि ही उत्तरेची बाजू आहे जिथे बाहेरची चारही मजल्यांची भिंत अजून उभी आहे. दक्षिणेची 1349 च्या भूकंपात पडली. कमानींच्या आत दिवे असतात त्यामुळे दगड काळा आणि भोकं सोनेरी, दिवसाच्या बरोबर उलटं.

शेवटी ठेवायचं कारण एवढंच की इथे कुणाला घाई नसते, मुलं झोपेला आलेली असतात, मोठी माणसं कठड्याला टेकून निवांत उभी राहतात. आणि ड्रायव्हरला एक विचारा, आज दिवे नेहमीचेच आहेत ना. 1999 पासून अशी पद्धत आहे की जगात कुठे फाशी रद्द झाली, किंवा एखाद्या देशाने फाशीचा कायदाच काढून टाकला, की कोलोसियमवर नेहमीपेक्षा वेगळा उजेड सोडतात. जिथे हजारो माणसं लोकांच्या करमणुकीसाठी मारली गेली तिथे. आम्ही गेलो त्या रात्री नेहमीचेच दिवे होते, पण ड्रायव्हरने हे सांगितल्यावर आई बराच वेळ तिथून हललीच नाही, आणि आम्हीही तिला चल म्हटलं नाही.