नदीत खेळायचंय म्हणतेस, तर

बेटा,

तुझं पत्र वाचलं, सोबतचा व्हिडिओही पाहिला. लाटेवर बोट उभी करून पुढच्या पुढं कोलांटी मारतात ना, त्याला लूप म्हणतात. तिथवर पोचायला अवकाश आहे. पण तुझा खरा प्रश्न वेगळा आहे: भंडारा जिल्ह्यातल्या गावात राहून प्लेबोटिंगची, म्हणजे कयाक नावाच्या छोट्या बोटीनं पाण्यावर कसरती करायच्या खेळाची, सुरुवात करता येते का? येते. फक्त तू ज्या पाण्यावर डोळा ठेवून बसली आहेस, तिथं नाही.

कोल्हापुरी बंधाऱ्याखाली पावसाळ्यात पांढरं पाणी उसळतं, पोट्टे तिथं उड्या मारतात, तर मीही तिथंच सराव करू का, असं विचारतेस. हे आधी निकाली काढू. नदीतल्या खडकावरून पाणी खाली पडतं तेव्हा ते तळाकडे जातं आणि वरचं फेसाळ पाणी उलटं, खडकाच्या दिशेनं येतं. त्याला होल म्हणतात आणि प्लेबोटिंगचा बराचसा खेळ त्याच्यावरच चालतो. चांगल्या होलला टोकं असतात. टोकाला पाणी पुढं वाहून जातं, म्हणून बोट तिथवर सरकवली की सुटका होते. बंधाऱ्याला टोकंच नसतात. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी एकसारखं पडतं, दोन्ही बाजूंना भिंत, आणि खालचं सगळं पाणी बंधाऱ्याकडे परत येत राहतं. आत सापडलेलं लाकूड तासन् तास तिथंच गरगरतं, ते तूही पाहिलं असशील. माणसाचंही तेच होतं. फेसात हवा इतकी मिसळलेली असते की लाइफ जॅकेटही पुरेसं वर उचलत नाही. बंधारा बुटका आहे, मला पोहता येतं, यातलं काहीच तिथं कामाचं नाही.

कालव्याचंही तसंच. पाणी संथ दिसतं, पण अस्तर गुळगुळीत, बाहेर पडायला धर नाही आणि पुढं कुठं तरी गेट नाही तर सायफन, म्हणजे पाणी खालून नेणारा बंद बोगदा, असतोच. आणि पुरातल्या वैनगंगेबद्दल तुला मी काय सांगणार? २०२०च्या ऑगस्टअखेरच्या भंडाऱ्याच्या पुराचा विषय तुमच्या घरी अजून निघत असेल. वर मध्य प्रदेशात पाऊस होतो, संजय सरोवर धरणातून पाणी सुटतं, इकडं गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे आहेत. तुझ्या डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी नदी चढू शकते. त्यात काठच्या बाभळी बुडतात. पाणी फांद्यांतून निघून जातं, बोट आणि माणूस अडकून राहतात. जुलै ते सप्टेंबर नदीकडे बघायला जा. काठावर बसून पाणी कुठं उलटं फिरतं, कुठं शांत होतं, ते पाहा. तेवढंही शिक्षणच आहे.

आता करायचं काय? तुझ्या गावाला मामा तलाव आहे. पूर्व विदर्भात हे माजी मालगुजारी तलाव गावोगावी आहेत, आणि पहिलं वर्षभर तुला त्याच्यापेक्षा चांगली शाळा मिळणार नाही. दिवाळीनंतर पाणी स्थिर आणि भरपूर असतं, मे महिन्यात चिखल उरतो, तेव्हा हिवाळा वाया घालवू नकोस. मासेमारीचा हक्क ज्या संस्थेकडे असेल त्यांना आधी विचार. जाळी कुठं, शिंगाडा कुठं, बुडालेले बुंधे कुठं, हे ढिवर काकांइतकं कोणालाच ठाऊक नसतं. डोंगा चालवणाऱ्या माणसाकडून तोल कसा राखतात तेही पाहून घे. आमच्या क्लबांतल्या बऱ्याच शहरी पोरांना ते वर्षभर जमत नाही.

पहिला धडा पालथं होऊन बाहेर पडण्याचा. कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी पोहणारं मोठं माणूस उभं असतानाच. बोट उलटली की पुढं वाक, कपाळ बोटीकडे ने, स्प्रे स्कर्टचा, म्हणजे कमरेभोवती घालून बोटीचं तोंड झाकतात त्या कापडाचा, पुढचा पट्टा चाचप, आधी पुढं आणि मग वर ओढ, दोन्ही हात कमरेशी टेकवून स्वतःला बाहेर ढकल. घाई न करता हे जमेपर्यंत दुसरं काही करायचं नाही. नाकाला क्लिप लाव, तलावाचं कोमट पाणी नाकात जाऊ देऊ नये.

मग रोल. बोटीतून न उतरता पुन्हा सरळ होणं. सगळ्यांना वाटतं हे हाताच्या जोराचं काम आहे, म्हणून व्यायामशाळेत जाणारी पोरं यात सगळ्यात जास्त पाणी पितात. बोट सरळ होते ती कंबर आणि मांडीनं. वल्हं पाण्याच्या पृष्ठभागावरून फिरवायचं ते फक्त टेकू म्हणून. त्याच वेळी ज्या बाजूनं वर यायचं त्या बाजूचा गुडघा बोटीच्या आत वर दाबून बोट अंगाखाली ओढायची, आणि डोकं सर्वांत शेवटी पाण्याबाहेर काढायचं. श्वासासाठी डोकं आधी उचललंस की बोट परत पालथी, कारण डोक्याचा सगळा भार चुकीच्या वेळी वर येतो. सुरुवातीला मैत्रिणीच्या बोटीचं टोक धरून नुसती कंबर झटकायचा सराव कर, वल्हं नंतर. दोन्ही बाजूंनी शीक. एकच बाजू येणाऱ्यांना नदी नेमकी दुसऱ्या बाजूला उलटवते, हा माझा अंधविश्वास समज हवं तर. कोपर मात्र कधीही खांद्याच्या वर जाऊ देऊ नकोस. या खेळात खांदा निखळणं ही ओळखीची दुखापत आहे.

रोल बसला की तलावावरच खेळ सुरू होतो. बोट कडेवर तिरकी धरून वल्हवायचं, मग एका जोरदार फटक्यानं नाक उचलून लगेच पाण्यात खुपसायचं. याला डबल पंप म्हणतात. बोट नाकावर उभी राहिली की तिथंच तोल धरायचा, आणि त्यातूनच पुढं कार्टव्हील, म्हणजे नाक आणि शेपटीवर आळीपाळीनं चाकासारखं फिरणं, निघते. नदीवरच्या चमत्कारांपैकी बरेचसे असे साचलेल्या पाण्यावर घडवलेले असतात.

बोटीची घाई करू नकोस. व्हिडिओतली बोट जेमतेम पावणेदोन मीटरची, टोकं चपटी, आत पाय दुमडून बसावं लागतं. सुरुवातीला ती वळते खूप, सरळ जात नाही, आणि कंटाळा येतो. पुढं जाड नि मागं चपटी अशी हाफ स्लाइस बोट, तीही वापरलेली, तुला जास्त शिकवेल. वजनाला साजेशी नसली तर स्वस्त बोटही महाग पडते, म्हणून बसून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. या बोटी पॉलिथिलीनच्या असतात. आपल्या मेमधल्या उन्हात टिनाखाली ठेवलीस तर वाकडी होईल. गोठ्यात, सावलीला, आडवी टांग. हेल्मेट पाण्याचंच घे, मोटारसायकलचं चालत नाही. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसायला हवं. खांद्याला धरून उचललं आणि ते हनुवटीपर्यंत आलं, तर ते तुझ्या मापाचं नाही.

वाहत्या पाण्यासाठी बाहेर जावं लागेल, त्याला इलाज नाही. महेश्वरला नर्मदेवर सहस्रधारा आहे. २०२३च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा खेळांतली कनू स्लालम, म्हणजे टांगलेल्या खांबांच्या गेट्समधून बोट काढायची शर्यत, तिथंच झाली होती. रायगडात कोलाडला कुंडलिकेवर वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी येतं. ऋषीकेशला पावसाळ्यानंतर कयाकचे वर्ग भरतात. पैसे एकदाच खर्चायचे असतील तर ऋषीकेशचा नवशिक्यांचा वर्ग घे, पण रोल तलावावर पक्का करून मगच जा. नाही तर वर्गाचे पैसे भरून नुसतं पोहणं होईल.

तिथं पहिल्यांदा एडी, म्हणजे खडकामागचं शांत पाणी, शिकवतील. त्यातून धारेत शिरताना बोट वळणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे धार जिकडे चाललीय तिकडे, कलवायची. मोटारसायकल वळवताना आपण झुकतो तसंच. उलट्या बाजूला कललीस की धार बोटीच्या वर चढते आणि क्षणात पालथी करते. होलमध्ये आडवी बसलीस तरी कल खालच्या धारेकडेच ठेवायचा. होल निवडताना आधी काठावरून बघ. दोन्ही टोकं खालच्या दिशेला वळलेली असावीत, निदान एक तरी मोकळं असावं, खाली संथ डोह असावा, आणि थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोराची पिशवी, घेऊन कोणी तरी काठावर उभं असावं. टोकं वरच्या दिशेला वळलेली असली तर चालत पुढं जा, कोणी हसलं तरी. पडलीस तर वाहत्या पाण्यात उभं राहू नकोस, पाय दगडात अडकतो. पाठीवर, पाय पुढं, काठाकडे पोहत राहा.

घरी विचारतील, याने नोकरी लागेल काय? खरं सांग. फ्रीस्टाइल, म्हणजे स्पर्धेतलं प्लेबोटिंग, ऑलिंपिकमध्ये नाही. त्यात ४५ सेकंदांत जितक्या कसरती जमतील त्यांचे गुण मिळतात, बस. स्लालम मात्र ऑलिंपिकमध्ये आहे आणि आपल्याकडे तिच्या राष्ट्रीय स्पर्धाही होतात. दोन्हींचा पाया एकच, तेव्हा महेश्वरला जाशील तेव्हा गेट्समधूनही वल्हवून बघ. तुझ्या आईची काळजी त्यानं थोडी कमी होईल.

तुझं वजन आणि उंची कळव, म्हणजे कोणती बोट शोधायची ते ठरवता येईल. आणि आधी हे पत्र बाबांना वाचायला दे. बंधाऱ्याचा भाग त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच.

तुझा,
काका