टिक फिवर, माणसांच्या गोळ्या आणि शिकणारी मुले

नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात रोज तेच तेच प्रश्न येतात. त्यातल्या काहींची ही उत्तरे.

प्र. तिथे म्हणे विद्यार्थीच उपचार करतात. आमचा कुत्रा त्यांच्या सरावासाठी आणायचा का? (मानेवाडा)

विद्यार्थी ताप बघतात, विचारपूस करतात, जनावर धरतात. निदान आणि औषध प्राध्यापकच ठरवतात. वेळ थोडा जास्त लागतो, पण तपासणी दोनदा होते. निर्धास्त या.

प्र. पुतणीला व्हेटर्नरीला टाकायचे आहे. एक एजंट सीट देतो म्हणतो. (काटोल)

एक रुपयाही देऊ नका. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा. शंका असेल तर थेट माफसूत, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात विचारा.

प्र. आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा चार दिवसांपासून तापलाय. घरातली आयब्युप्रोफेन दिली, दिवसभर बरा होता. पुन्हा देऊ का? (प्रतापनगर)

अजिबात नाही. गोळी बंद करा आणि आजच घेऊन या.

या गोळीने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी बिघडते. असा ताप टिक फिवर, म्हणजे गोचिडांमुळे आलेला असू शकतो. त्यातल्या एर्लिकिया या आजारात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आधीच घसरलेल्या असतात, त्यात ही गोळी म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण. ताप तेवढा उतरतो, घरचे निश्चिंत होतात आणि आजार आत वाढत राहतो. ओठ उचलून हिरड्या बघा. त्या पांढुरक्या दिसल्या तर संध्याकाळची वाट बघू नका.

आमच्याकडे कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतात. बाबेशिया हा टिक फिवरचा दुसरा प्रकार असेल तर तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराचे जंतू जोडीने दिसतात. त्याचे औषध वेगळे, एर्लिकियाचे वेगळे. काउंटरवरून आणलेले अँटिबायोटिक आधीच दिले, तर एर्लिकिया काचपट्टीवर सापडणे कठीण होते. म्हणून आधी तपासणी, मग औषध. शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी तुमच्या कुत्र्याला चालत नाही. आणि मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते.

गोचिडी भिंतीच्या भेगांतही राहतात. त्यामुळे नुसत्या पावडरीवर विसंबू नका, औषध डॉक्टरांना विचारूनच आणा.

प्र. गाई-म्हशींना घटसर्पाची लस कधी? (कुही)

पावसाळ्याआधी. तुमच्या पशुवैद्यकाकडून आताच तारीख घ्या.

प्र. भटके पिल्लू चावले. शेजारी म्हणतात, तिखट लावा. (सक्करदरा)

तिखट, चुना, हळद काहीही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे जखम धुवा आणि आजच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. पिल्लू लहान आहे म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचवता येत नाही.