टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि टायरची झीज

प्रश्न : ट्रकच्या टाय रॉडचे (पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) दोन्ही बॉल जॉइंट (टोकांचे फिरते सांधे) बदलले. जुने काढताना आटे मोजले आणि नवे तेवढेच आत फिरवले. तरी पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड झिजते आहे. असे का?
– एक वाहतूकदार, चाकण

उत्तर : आटे मोजून बसवलेला जॉइंट गाडी ॲलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेण्यापुरता ठीक. नव्या जॉइंटची लांबी जुन्याइतकीच असेल असे नाही, आणि इथे थोडासा फरकही फार होतो. समजा, स्टिअरिंगचा आर्म (रॉड ज्याला जोडतो तो चाकाचा हात) 20 सेंटिमीटर आणि टायरचा व्यास 1 मीटर आहे. मग रॉडच्या लांबीतला फरक टो (दोन चाकांमधल्या पुढच्या आणि मागच्या अंतरांतला फरक) मोजताना पाचपट दिसतो. आट्यांचा पिच (दोन आट्यांमधले अंतर) 1.5 मिलिमीटर असेल, तर एका जॉइंटचा एक फेरा चुकला की टो साडेसात मिलिमीटरने बिघडतो!

दोन्ही टायरची बाहेरची कड जाते, म्हणजे टो-इन (चाके पुढून आत वळलेली असणे) जास्त आहे. टायरवर आडवा हात फिरवून बघा : आतून बाहेर नेताना कडा टोचतील, बाहेरून आत नेताना हात सुळकन जाईल. रॉड ॲक्सलच्या मागे असेल, तर तो लांब झाला आहे.

आधी किंगपिन (ज्या खुंटीवर चाक वळते ती) आणि व्हील बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) काढा, नाहीतर माप फसवेच येईल. रिकामी गाडी सपाट जागी घ्या, दोन्ही टायरांत हवा सारखी ठेवा. चाके उचलून फिरवत टायरच्या मध्यावर बारीक रेघ मारा. मग गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकला, म्हणजे चाके सैल होऊन बसतील. दोन्ही रेघांमधले अंतर हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर पुढून आणि मागून मोजा. पुढचे जितके कमी, तितका टो-इन. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. रेडियल टायरला तो अगदी थोडा असतो. टो जुळवायला टाय रॉडचे दोन्ही क्लॅम्प सैल करून मधली नळी फिरवा. एका टोकाला उलटे आटे असल्याने नळीच्या एका फेऱ्यात दोन पिचचा फरक पडतो, म्हणून पाव-पाव फेराच द्या.

बॉल जॉइंटचा कॅसल नट (खाचांचा नट) ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळल्यावर स्प्लिट पिनचे (नट अडकवणाऱ्या पिनेचे) भोक जुळले नाही, तर नट पुढेच आवळा. मागे कधीही फिरवू नका. टेपर (बॉल पिनेचा निमुळता भाग) सैल राहिला की बॉल पिन हलते आणि आर्मचे भोक मोठे होते. मग आर्मच बदलावा लागतो.

प्रश्न : ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) जॉइंट बदलल्यावर स्टिअरिंग वाकडे राहते. स्टिअरिंग व्हील काढून सरळ बसवू का?

उत्तर : नको. टो बदललेला नाही, फक्त लिंकची लांबी बदलली आहे. स्टिअरिंग बॉक्स मध्यावर आणा, पुढची चाके सरळ करा आणि लिंकची लांबी त्याप्रमाणे जुळवा. नंतर दोन्ही बाजूंचा लॉक (चाके वळण्याची शेवटची हद्द) तपासा. सलग ॲक्सलच्या ट्रकमध्ये या कामाने कॅम्बर-कॅस्टर (चाकाचा आत-बाहेरचा आणि किंगपिनचा पुढे-मागचा कल) बदलत नाही. विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी आर्म) असलेल्या पिकअपचे वरचे-खालचे बॉल जॉइंट बदललेत, तर मात्र तेही तपासून घ्या.