दुकानात अनोळखी क्राफ्ट बिअर दिसली तर निवडायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर फक्त किंगफिशर प्यायलोय, आता अंधेरीच्या एका मोठ्या दुकानात क्राफ्ट बिअरचे, म्हणजे छोट्या बिअर कारखान्यांत बनलेल्या बिअरचे, वीस-पंचवीस तऱ्हेचे रंगीत कॅन दिसले, त्यातला कुठला उचलावा कळेना आणि पैसेही वाया घालवायचे नाहीत.

कॅन आधी उलटा करा. पुढचं चित्र नंतर बघा. तळाशी बारीक ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत उत्पादनाची तारीख असते. बाटली असेल तर लेबलच्या कडेला किंवा मानेवर शोधा. मी दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून ती वाचते. लोक हसतात, हसू देत.

यामागे माझं एक रडगाणं आहे. काही वर्षांपूर्वी घराजवळच्या एका दुकानात आयपीएचे (इंडिया पेल एल, एक कडसर बिअर) दोन कॅन घेतले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही खूप चालते." घरी येऊन उघडली तर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, आणि वर नुसता कडूपणा. मला वाटलं, आयपीए म्हणतात ती हीच. दुसरा कॅन फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलला आणि पुढची दोन वर्षं मी त्या वाटेला गेले नाही. मग एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला टॅपरूममध्ये, म्हणजे नळातून थेट ग्लासात ताजी बिअर देतात तिथे, तिच्या ग्लासातला एक घोट घेतला. पपनस सोलताना हाताला जो वास लागतो ना, अगदी तो! घरी येऊन तो कोपऱ्यातला कॅन उलटा केला. तारीख जानेवारीची होती, आणि मी तो घेतला होता गणपतीच्या आसपास. म्हणजे मी आयपीए कधी प्यायलेच नव्हते. तिचं श्राद्ध जेवले होते.

होतं काय, की आयपीएचा सगळा जीव हॉप्समध्ये असतो. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. कडूपणा त्यांचाच आणि तो फळांसारखा वासही त्यांचाच. पण वास उडून जातो, कडूपणा मागे उरतो. कॅन बंद करताना आत राहिलेला थोडासा प्राणवायू हळूहळू काम करत राहतो आणि तो पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. उष्णतेने हे सगळं भराभर होतं. आता मे महिन्यातला टेम्पो, भिवंडीचं गोदाम आणि पंखा नसलेलं दुकानाचं मागचं खोपटं डोळ्यांपुढे आणा. कॅनवर मुदत संपायची तारीख अजून दूर दिसली तरी चवीची मुदत आधीच संपलेली असू शकते. माझा हिशेब असा: आयपीए किंवा पेल एल (तिचीच जरा सौम्य बहीण) असेल तर तीन महिन्यांच्या आतली, लागर (आपली किंगफिशर त्यातलीच) आणि गव्हाची बिअर चार-पाच महिन्यांपर्यंत. स्टाउट (काळी बिअर) आणि कडक बेल्जियन बिअरला वयाचं एवढं वावडं नाही.

उजेडाचंही तसंच. ऊन किंवा ट्यूबलाइटचा प्रकाश हॉप्सवर पडत राहिला की बिअरला घाणेरडा, कुबट वास येतो. तपकिरी काच बरीच वाचवते, हिरवी फारशी नाही, पांढरी अजिबात नाही. कॅनला ही काळजीच नाही. तेव्हा अनोळखी बिअर घेताना बाटली आणि कॅन दोन्ही असतील तर मी डोळे झाकून कॅन घेते.

दुकान कुठलं, हेही महत्त्वाचं. आपल्या नेहमीच्या वाइन शॉपमध्ये जाळीपलीकडे दुकानदार, अलीकडे पाच जणांची ढकलाढकली, त्यात "एक क्वार्टर दे", "दोन थंड टिन दे" चाललेलं. तिथे "जरा तो कॅन उलटा करून दाखवता का" म्हणायची सोय नाही. त्यात मी बाई. मला वाट करून देतात खरी, पण ती "घे आणि लवकर जा" अशी वाट असते. तुम्ही आत शिरून हाताने वस्तू उचलता येते अशा एसी दुकानात जाताय, हे उत्तम. तिथेही फ्रीजमधलाच माल घ्या. मधल्या टेबलावर रचलेला मनोरा बघायला छान असतो, पण तो कधीपासून रचलाय कोण जाणे. आणि कॅन पुढे करून "ट्राय धिस" म्हणणारा टी-शर्टवाला मुलगा बऱ्याचदा दुकानाचा नसतो, कंपनीचा असतो. मुलगा बिचारा गोडच असतो, पण त्याला दुसऱ्या कंपनीचं चांगलं सांगायची मुभा नाही.

आता चवीकडे. ब्रँडची नावं पाठ करण्यात अर्थ नाही, ती येतात नि जातात. शिवाय महाराष्ट्रात विकायचं तर कंपनीला आपलं लेबल राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे नोंदवावं लागतं. त्यामुळे गोव्यात प्यायलेली बिअर मुंबईत असेलच असं नाही. (आणि तिकडून बॅगेत भरून आणू नका. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, तिकडे स्वस्त मिळाली म्हणून नाही चालत.) नावाऐवजी कॅनवर बारीक अक्षरात लिहिलेला प्रकार वाचा: विटबिअर, हेफवायझन, आयपीए, स्टाउट, गोझ. हे पाच-सात शब्द ओळखीचे झाले की अनोळखी कंपनीसुद्धा निम्मी ओळखीची होते.

तुम्ही किंगफिशरवाले, म्हणजे लागरवाले. लागर थंड तापमानात सावकाश आंबवतात, म्हणून ती स्वच्छ, हलकी, फारसा वास नसलेली लागते. तिथून एक घर पुढे जायचं तर गव्हाच्या बिअरकडे जा. कडूपणा कमी असतो, त्यामुळे फसगतही कमी. यात दोन बहिणी आहेत. बेल्जियमची विटबिअर धणे आणि संत्र्याची साल घालून करतात. होय, आपल्या फोडणीच्या डब्याशेजारी असतात तेच धणे! हा प्रकार तिकडे जवळजवळ नामशेष झाला होता. पिएर सेलिस नावाच्या, दूध घालण्याचं काम केलेल्या माणसाने १९६६ मध्ये हूगार्डन गावात तो पुन्हा सुरू केला. त्या गावाच्या नावाची बिअर आज मुंबईत सर्रास मिळते. बिरा ९१ ची व्हाइटही याच वळणाची. दुसरी बहीण जर्मनीची हेफवायझन. हिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण आत केळं नसतं आणि लवंगही नसते, ते सगळं यीस्टचं काम. तळाशी गढूळ साका दिसला तर बिअर नासली म्हणून परत करायला जाऊ नका. माझ्या भावाने हा पराक्रम केलेला आहे. उलट शेवटचा घोटभर कॅनमध्ये हलवून तोही ग्लासात ओततात.

माझा सगळ्यात लाडका प्रकार मात्र आंबट बिअरचा, आणि मला वाटतं मराठी जिभेला हा सगळ्यात लवकर कळायला हवा. जर्मनीतल्या गोस्लार गावावरून नाव पडलेली गोझ घ्या. गव्हाची बिअर, त्यात दही लावणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातल्या जिवाणूंनी आणलेला आंबटपणा, वर मीठ आणि धणे. लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा आठवला की नाही? आपल्याकडच्या काही ब्रुअरी यात कोकम घालतात, आणि उन्हातून आल्यावर तशी बिअर प्यायली की सोलकढीचा नारळ तेवढा काढून टाकल्यासारखं वाटतं. मित्रमंडळींपैकी ज्यांना "बिअर कडू लागते" म्हणून नको असते, त्यांना मी ही देते. पहिल्या घोटाला तोंड वाकडं, तिसऱ्याला ग्लास पुढे.

काळ्या बिअरला लोक उगाच घाबरतात. रंग काळा म्हणजे कडक, असं नसतं. रंग येतो करपेपर्यंत भाजलेल्या जवापासून, आणि कॉफीचा, कडू चॉकलेटचा वासही त्यातूनच. जगप्रसिद्ध गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे तुमच्या साध्या किंगफिशर प्रीमियमच्या ४.८ पेक्षाही कमी. बिनदुधाची कॉफी आवडत असेल तर स्टाउट जरूर घ्या. दूध-साखरेचीच लागत असेल तर कॅनवर "मिल्क स्टाउट" शोधा. तीत दुधातली साखर घालतात, ती यीस्टला पचत नाही, म्हणून गोडवा टिकतो.

आयपीएसाठी स्वतःला एकच प्रश्न विचारा: कारल्याची भाजी आवडीने खाता का? खात असाल तर बेलाशक घ्या. नसाल तर "हेझी" लिहिलेली घ्या. ती गढूळ, रसाळ, आंबा-पपनसाच्या अंगाची आणि तुलनेने कमी कडू. काही कॅनवर आयबीयू म्हणून कडूपणाचा आकडा असतो. आपल्या नेहमीच्या लागरचा तो साधारण दहा-वीसच्या घरात, आयपीएचा चाळीस ते सत्तर. नावातल्या "इंडिया"वरून मात्र छाती फुगवू नका. हिंदुस्थानच्या प्रवासात टिकावी म्हणून कोणी एके दिवशी ही बिअर शोधून काढली, ही गोष्ट सांगायला छान आहे, पण लांबच्या प्रवासाला जास्त हॉप्स घालायची रीत आधीपासूनच होती. लंडनच्या हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होती, म्हणून त्याची बिअर इकडे जास्त आली, इतकंच.

अल्कोहोलचा आकडा मात्र बघाच. आपल्याकडे पाच टक्क्यांपर्यंतची माइल्ड आणि त्यावर आठपर्यंतची स्ट्राँग. बेल्जियन ट्रिपल नावाचा प्रकार या आठच्या आसपासचा असतो, पण लागतो गोडसर, मधाळ. ५०० मिलीचा कॅन सरबतासारखा रिचवलात तर उठताना खुर्चीच सांगेल. आणि शेजारच्या फळीवर अगदी तशाच नक्षीच्या कॅनमध्ये मीड आणि सायडर असतात, ती बिअर नव्हेत. मीड मधाची (पुण्याच्या मूनशाइनने ती आपल्याकडे रुजवली), सायडर सफरचंदाची. दोन्ही चांगली, पण बिअर समजून उघडलीत तर गोंधळाल.

पहिल्या खरेदीला तीनच कॅन घ्या. एक विटबिअर, ती बहुतेक आवडेलच. एक आंबट किंवा स्टाउट, मघाचे मठ्ठा आणि कॉफी आठवून तुमचं तुम्ही ठरवा. तिसरा निव्वळ चित्र आवडलं म्हणून, मन मारायचं नाही. फक्त तारीख बघून. तिन्ही एकाच कंपनीचे नकोत. त्यांच्या हातची चव आवडली नाही तर तुम्ही तीन प्रकारांवर काट मारून बसाल, जशी मी आयपीएवर मारली होती.

पैशाची फारच धास्ती असेल तर आधी टॅपरूम गाठा. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलालीची अंधेरी-वांद्र्याकडे टॅपरूम निघाली, आता आपल्या शहरातही ही सोय आहे. बऱ्याच ठिकाणी छोट्या छोट्या ग्लासांचा एक सेट मिळतो, त्यात चार-पाच प्रकार घोटभर चाखता येतात. डोंबिवलीतसुद्धा क्राफ्ट बिअर बनली आहे, गेटवे नावाची. माझं माहेर डोंबिवलीचं, त्यामुळे आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तरीच पाणी कमी येतं."

घरी आणल्यावर कॅन उभे ठेवा, फ्रीझरमध्ये कोंबू नका. ग्लासातच ओता, कारण कॅनच्या भोकातून नाकाला काही पोचत नाही आणि तुम्ही पैसे वासाचेच मोजलेत. लागर गारढोण चालते. स्टाउट आणि ट्रिपल मात्र दहा मिनिटं बाहेर ठेवून मग ओता, नाहीतर थंडीने जीभ बधिर होऊन सगळ्या बिअर सारख्याच लागतील. मुंबईच्या उकाड्यात पाच मिनिटंही पुरतात. गव्हाच्या बिअरबरोबर बोंबील फ्राय आणि स्टाउटबरोबर मसाला शेंगदाणे, याहून जास्त सोय मी करत नाही.

आणखी दोन गोष्टी. बिअरसाठी महाराष्ट्रात वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५. आणि जायच्या आधी कॅलेंडर बघा. गेल्या वर्षी मी सगळा बेत ठरवून, रिक्षाने, छत्री सांभाळत दुकानापर्यंत गेले, तर शटर खाली. आषाढी एकादशी होती. आईने सकाळीच फोनवर साबुदाणा भिजवलास का म्हणून विचारलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.